धरमाची माय

१

दुपारी एक वाजता जेवण आटोपलं की ओलाउगबाईंचे हात कामाला लागत.

सहा नंबरच्या खोलीत खिडकीशी त्यांची खुर्ची होती. मांडीवर निळं पांघरूण. डावा हात त्या पांघरुणावर गोल फिरत वेटोळी रचत जायचा. दर वेटोळ्यामागे उजवा हात काहीतरी बारीक उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि कडेला ठेवायचा. हातात अर्थातच काही नसायचं. मध्येच बाई दचकायच्या, डावा अंगठा तोंडात घालून चोखायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. तास-दीड तास हे चाले. मग एकदम हात थांबत आणि बाई झोपून जात.

मी नवीन होते तेव्हा बेरितला विचारलं. बेरित ही आमच्या वृद्धाश्रमाची मुख्य नर्स. ती म्हणाली, "गळ लावतेय ती."

या बेटावर पूर्वी पुरुष होडीनं समुद्रात जात आणि बाया किनाऱ्यावरच्या थंड शेडमध्ये बसून लांबच लांब दोर टबात गुंडाळत. त्या दोराला हात-हात अंतरावर गळ. प्रत्येक गळाला माशाचा तुकडा टोचायचा. ओलाउगबाईंनी वयाच्या बाराव्या वर्षापासून साठीपर्यंत हेच केलं होतं. आता वय एक्क्याण्णव, डोकं गेलेलं, पण हातांना कुणी सुट्टी दिली नव्हती.

मी दामिनी. नागपूरच्या पलीकडच्या सौसरजवळच्या खेड्यातली, संत्रावाल्यांची पोरगी. नागपूरला नर्सिंग केलं, मग ओस्लोजवळ दोन वर्षं भाषा शिकण्यात घालवली, आणि नर्सचा परवाना येईपर्यंत मदतनीस म्हणून या बेटावर आले. बेटावर दोनशे अकरा माणसं, एक दुकान, एक मासळीचा कारखाना, दिवसातून दोनदा फेरीबोट, आणि नऊ खोल्यांचा आमचा आश्रम. मी दुकानातून बूट घेतले तर ते पायात घालायच्या आधी बेटाला माझ्या पायाचं माप ठाऊक झालेलं असे. माणसं चांगली, पण गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलायची नाहीत. आमच्याकडे एवढं गप्प कुणी बसलं तर घरचे डॉक्टरला बोलावतील.

माझी सुट्टी दीडला. तेव्हा सौसरकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असत. मी ओलाउगबाईंच्या खोलीत बसून डबा खायची आणि आईला व्हिडिओ कॉल लावायची. त्या खोलीत नेटवर्क चांगलं होतं, हे एक कारण. दुसरं कारण असं की मला त्या बाईजवळ बसून बरं वाटायचं.

२

"ते म्हातारी काय करून राहिली व?" आईनं एकदा फोनमधून विचारलं.

मी फोन बाईंच्या हातांकडे वळवला आणि सगळं सांगितलं. आई बराच वेळ बघत राहिली. माझी आई मनकर्णा, वय चौसष्ट, हाताच्या कामाला फार मानते.

"तिले पोरंसोरं?"

"कोणी नाही. लग्नच नाही केलं."

"आन तुले तिथं कोन हाय?"

मी म्हटलं, "मला नोकरी आहे."

"नोकरी काय कपाळावर हात ठेवते का? मंग तिलेच धरमाची माय करून घे. बाईमानसाले परमुलखात एक माय पाहिजे. मी लगन होऊन आली तवा वत्सलाबाईले नोती केली?"

आमच्याकडे ही रीत आहे. पोरगी दूरच्या गावात पडली की तिथली एखादी वडीलधारी बाई बघून तिची ओटी भरते, आणि ती बाई तिची आई होते. आजारपणात उशाशी बसायला, सणाला जेवायला बोलवायला. मी हसण्यावारी नेलं. पण आई मागेच लागली, आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. त्या जानेवारीत सूर्य जेमतेम वर यायचा आणि दोन तासांत परत जायचा. मला फार एकटं वाटत होतं.

संक्रांतीला मी ओटी केली. तांदूळ होते. हळकुंड आणि सुपारी आईनंच बॅगेत कोंबून दिलेली. नारळ मिळाला नाही, दुकानातून केकवर घालायचा खोबऱ्याचा कीस आणला. आणि लुगडं? ते इथं कुठून आणणार? माझ्याकडे आईचं एक जुनं जांभळं लुगडं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मी ते थंडीत खांद्यावर घ्यायची. तेच घातलं.

कॉफीच्या थर्मासला फोन टेकवून ठेवला होता. ओलाउगबाईंनी स्वेटरचं टोक दोन्ही हातांनी पसरलं, कुणी न सांगता, आणि तांदूळ त्यात घेतले. फोनमधून आई म्हणाली, "बाई, माही लेक तुह्या ओटीत टाकली. सांभाळजो."

मग तिची नजर लुगड्यावर गेली. "हे माहं होय न व? नवं नाई भेटलं?"

"इथं नवं कुठं मिळणार?"

"अंगावरून उतरलेलं ओटीत नसते घालत, दामे."

"मग काढून घेऊ का?"

"आता राहू दे. दिलं त दिलं," आई म्हणाली आणि हसली. ओलाउगबाईही हसल्या. दोघी एकदमच हसायला लागल्या आणि एकदमच थांबल्या, हे माझ्या लक्षात आलं, पण मी डबा धुवायला उठले.

३

मार्चमध्ये ओलाउगबाईंचे हात थांबले. जेवणानंतर त्या नुसत्या बसून राहायच्या. बेरितनं वहीत नोंद केली, "थकवा वाढतोय." मलाही तसंच वाटलं.

ईस्टरला इथं संत्री खायची पद्धत आहे. बेटावर सगळीकडे संत्री दिसतात, सगळी स्पेनची. साल अंगाला अशी चिकटलेली की सोलताना नखं हरतात. मी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि एक टोपली सहा नंबरमध्ये नेली. टोपली बाईंच्या पायाशी ठेवून मी बिछान्याची चादर बदलायला लागले.

मागे काहीतरी आपटून घरंगळत गेलं.

वळून पाहिलं तर बाई खुर्चीतून उतरून जमिनीवर बसल्या होत्या. ज्या बाईंना उठवायला दोन माणसं लागत, त्या एक पाय दुमडून आणि एक गुडघा वर करून टोपलीसमोर बसल्या होत्या. डाव्या तळहातावर संत्रं घ्यायच्या, देठाभोवती अंगठ्यानं तीन ठिकाणी दाबायच्या, आणि देठ खाली करून समोर ठेवायच्या. चांगली उजवीकडे, बरी डावीकडे. एक संत्रं त्यांनी दाबलं आणि मागे न बघता खांद्यावरून फेकून दिलं. ते कपाटाला आपटून माझ्या पायाशी आलं. मी उचललं. आतून पोकळ होतं.

अशी छाटणी मी एकाच बाईला करताना पाहिलं आहे. बाकीच्या बायका नापास संत्रं बाजूला ठेवतात. मागे न बघता फेकायची खोड फक्त माझ्या आईची. लहानपणी वैभव आणि मी तिच्या मागे बसून ती झेलायचो.

मी खुर्चीत बसले. मग डोकं चालवलं. फेब्रुवारीत माझ्या भावानं, वैभवनं, मृग बहाराच्या संत्र्यांच्या छाटणीचे व्हिडिओ पाठवले होते आणि मी ते बाईंना दाखवले होते. डोकं गेलेली माणसं कधीकधी बघितलेलं हुबेहूब करतात, हे आम्हाला शिकवलेलं आहे. त्या एकट्या जमिनीवर कशा उतरल्या, ते मात्र या हिशेबात बसलं नाही. बेरितला मी एवढंच सांगितलं की बाई आज स्वतः जमिनीवर उतरल्या. तिनं वहीत लिहिलं, "पडण्याचा धोका."

४

दुसऱ्या दिवशी आईनं फोन घेतला नाही. वैभवनं घेतला.

"माय कुठं आहे?"

"हे काय, अंगणात. दोन दिवस झाले, सुतळी घेऊन बसून राहिली. मी म्हनलं, माय, काय करून राहिली? त हाव नाई का नाई नाई."

"दाखव."

त्यानं फोन फिरवला. उन्हं कलली होती. आई ओट्याच्या कडेला बसली होती, समोर घमेलं. घमेल्यात ती सुतळीची वेटोळी रचत होती. डावा हात गोल, उजवा हात शेजारच्या पाटीतून चिंचोक्याएवढा काहीतरी तुकडा उचलून, अंगठ्यानं दाबून, घमेल्याच्या कडेला ठेवत होता. एक, मग दुसरा. वेग असा की माझे डोळे मागे पडत होते.

"पाटीत काय आहे रे?"

"भाकरीचे तुकडे. सकाळपासून मोडून राहिली."

मी आईला हाक मारली. तिनं फोनकडे बघितलं. मग एकदम दचकली आणि डावा अंगठा तोंडात घातला.

"वैभव, तिच्या अंगठ्याला काय झालं?"

त्यानं तिचा हात धरून बघितला. "खून निघून राहिला ताई. दाभन टोचलं असन."

घमेल्यात दाभण नव्हतं. मी मोठं करून पाहिलं. सुतळी होती आणि भाकरी.

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, पण सकाळपर्यंत मी हेही बसवून टाकलं. ओलाउगबाईंचे हात आईला मीच दाखवले होते. दोघींना एकमेकींचं काम मीच दाखवलं, दोघींचं वय झालं, दोघींना करमत नाही. आईला विसरण्याचा आजार सुरू होत असेल. तो आजार मला ठाऊक आहे, मी त्याचीच चाकरी करते. असं म्हटल्यावर भीती गेली आणि दुःख आलं. दुःख सोसायला सोपं होतं.

५

एप्रिल-मेमध्ये आई भरभर गेली. आधी माणसांची नावं, मग घराच्या खोल्या. मग बोलणंच बंद झालं. वैभवनं पांढुर्ण्याच्या डॉक्टरांना दाखवलं, नागपूरला डोक्याचा फोटो काढला. सगळं साफ. जामसावळीलाही, बाहेरची बाधा उतरवतात त्या देवळात, नेऊन आणली.

"तिथं काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई. दुसऱ्या बाया घुमून राहिल्या होत्या. माय चूपचाप हात जोडून बसली. म्हनजे बोटात बोटं अडकवून, पाह्य, अशी," त्यानं दाखवलं. "कोनाले पायाले हात नाई लावू देल्ला. आपल्याच घरात पाहुन्यावानी राहून राहिली ताई. तब्येत पन मस्त हाय. जेवते. फक्त तिखट काढून टाकते आन बटाटे खाते."

इकडे सहा नंबरमध्ये बेरितला वेगळीच तक्रार होती. रोज सकाळी बाई पलंगावर उलट्या झोपलेल्या सापडत, उशी पायथ्याशी. पुन्हा सरळ केलं तरी दुसऱ्या सकाळी तेच. "असं का करत असेल?" बेरितनं मला विचारलं. मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडून पाहिलं. पलंगाची डोक्याची बाजू बरोबर उत्तरेला होती. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, म्हणून माझ्या आईनं मावशीच्या घरची माझी खाट दहा वेळा फिरवून घेतलेली आहे. मी बेरितला म्हटलं, "खिडकीतून उजेड येत असेल."

त्या संध्याकाळी मी ओलाउगबाईंच्या कपाटातून लुगडं काढलं. नर्स म्हणून मला माझी लाज वाटत होती, तरी काढलं. खोलीवर नेऊन बॅगेत कुलूप लावून ठेवलं, आणि वैभवच्या फोनची वाट बघत बसले. फोन आला. आईत काही फरक नव्हता.

सकाळी कामावर गेले तर सहा नंबरमधलं सगळं कपाट जमिनीवर होतं. बाई त्या ढिगात बसून रडत होत्या. आवाज न करता, पदर डोळ्याला लावतात तशी स्वेटरची बाही लावून. मला बघितल्यावर त्यांनी दोन्ही हात पुढे केले, माझं तोंड धरलं आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

मी धावत जाऊन लुगडं परत आणून दिलं. त्याच्यानं काही सुटणार नव्हतं, हे मला कळलं होतं. मला फक्त ते रडणं बघवत नव्हतं.

६

जूनच्या पहिल्या शुक्रवारचं माझं तिकीट होतं. तीन आठवड्यांची रजा. बुधवारी ओलाउगबाईंना ताप भरला. गुरुवारी बेटाच्या डॉक्टरनं छाती तपासली, न्यूमोनिया सांगितला, आणि बेरितला बाजूला घेऊन दोन मिनिटं बोलला.

"हेलिकॉप्टर कधी येतंय?" मी विचारलं.

बेरितनं दार लावलं. "दामिनी, ती एक्क्याण्णव वर्षांची आहे. तिनं स्वतः लिहून दिलंय, दहा वर्षांपूर्वी. मला बेटावरून हलवायचं नाही. आपण तिला त्रास होऊ देणार नाही, एवढंच."

"तिनं ते लिहिलं तेव्हा…" मी सुरुवात केली. तेव्हा ती ती होती, असं सांगू? "सलाइन तरी लाव. मी थांबते. रजा रद्द करते."

"तुझी आई आजारी आहे," बेरित म्हणाली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि या बेटावर कुणी खांद्यावर हात ठेवणं ही मोठी गोष्ट आहे. "तू तिच्याकडे जा. ओलाउग माझी जबाबदारी आहे. ती तुझी कुणी लागत नाही."

शुक्रवारी सकाळी साडेसातची फेरी होती. सातला मी निरोप घ्यायला सहा नंबरमध्ये गेले. लख्ख ऊन पडलं होतं. बाई उलट्याच झोपल्या होत्या, श्वास घरघरत होता. मी वाकून त्यांच्या भाषेत म्हणाले, "मी तीन आठवड्यांनी येते."

त्यांनी डोळे उघडले. निळे, पाणावलेले डोळे. मला ओळखून त्यांच्या कपाळावर आठी पडली. घाईत निघालेल्या माणसाला पाहून आईच्या कपाळावर पडायची तशी.

"डब्बा घेतला का व, दामे?"

आवाज घोगरा होता, पण शब्द असे स्वच्छ की मी मागे सरकले आणि पाण्याचा पेला पडला.

मला दामे म्हणणारं जगात एकच माणूस आहे. पण बोलणं बंद होईपर्यंत आई रोज दीड वाजता याच खोलीत मला दामे म्हणत होती, आणि डबा खाल्ला का म्हणून विचारत होती, सहा महिने. बाईंनी ऐकलेलं असणारच. तापात मेंदू जुनंपुराणं काहीही वर काढतो. मी तिथं उभी राहून स्वतःला हे सगळं एकेक करून सांगितलं, वॉर्डमध्ये नातेवाइकांना सांगते तसं, आणि माझं मला पटलं. फेरीचा भोंगा झाला. बाईंनी माझं मनगट धरलं होतं. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

ती बोटं सोडवल्याचं मी आजही विसरू शकत नाही.

७

वैभव पांढुर्णा स्टेशनवर गाडी घेऊन आला होता. वाटेत तो सारखा बोलत होता. "तुले पाह्यलं त ओळखन ताई. बाकी कोनाले नाई, पन तुले ओळखन."

आई अंगणात निंबाच्या सावलीत बसली होती. गाल भरलेले, केस नीट विंचरलेले. माझ्याच आईचा चेहरा, हनुवटीवरचं गोंदण, उजव्या हातावर चुलीचा जुना डाग. मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले. तिनं मला पडू दिलं. तिचे हात दोन्ही बाजूंना तसेच राहिले. मग एका हातानं तिनं माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. परक्या बाईनं रडणाऱ्या परक्या पोरीला थोपटावं, इतपतच. आणि ती किंचित मागे सरून उभी राहिली.

दोन दिवस मी तिच्याबरोबर होते. घर तेच, सांडशी तीच, देवघर तेच, पण त्यात वावरणारी बाई प्रत्येक वस्तूपाशी क्षणभर थांबायची. सकाळी दारात उभी राहून एक बोट ओलं करून वाऱ्यात धरायची. पंचेचाळीस डिग्रीचा फुफाटा, पान हलत नव्हतं, आणि ती पश्चिमेकडे डोळे बारीक करून बघायची. तिकडे नुसते संत्र्यांचे बगीचे होते. मग निराश होऊन आत यायची. उन्हानं तिचा जीव कासावीस व्हायचा. मनकर्णा, जिनं चाळीस वर्षं याच उन्हात बगीच्याला पाणी दिलं.

मी तिला जुने फोटो दाखवले. हाताला हळद लावून पाहिली. मावशीचं नाव घेतलं. ती मान कलती करून आदरानं ऐकायची. आश्रमात वर्षभर मी जिला भरवलं, ती बाई असंच ऐकायची. हे मनात आलं की मी उठून दुसरं काम करायची.

वैभवला काय सांगणार? तो बिचारा तिच्या ताटात तिखट न घातलेली भाजी वाढत होता आणि म्हणत होता, "तू आली न, आता सुधरन."

८

मंगळवारी दुपारी चारला बेरितचा फोन आला. तिथं साडेबारा. मी अंगणात होते, आई समोर घमेलं घेऊन बसली होती.

"मी तुला त्रास देणार नव्हते," बेरित म्हणाली. "पण ओलाउगचं शेवटचं चाललंय, आणि ती शुक्रवारपासून सारखं काहीतरी बोलते आहे. आम्हाला कुणालाच कळत नाही. नॉर्वेजियन नाही ते. विचारल्यासारखं बोलते, आणि दाराकडे बघते. मला वाटलं, तुला कळेल."

तिनं फोन तिकडे धरला असावा. आधी घरघर आली. मग माझ्या आईचा आवाज. म्हातारा नाही, घोगरा नाही. माझ्या आईचा.

"दामे, कई येशीन व? मले थंडी वाजून राहिली. इथं कोनी नाई आपलं. सगळे गोरे गोरे लोकं उभे हायेत. मले घरी घेऊन जा न व."

"माय," मी म्हणाले. "माय, मी इथं आहे. मी घरी आले."

"कोनाच्या घरी?"

मी तिला शोधायला घरी आले होते आणि तिला तिथं टाकून आले होते. तिनं बोटं धरली होती आणि मी ती सोडवली होती. मी मोठ्यानं ओरडले, बेरितला, तिच्या भाषेत, "तिचा हात धर! बेरित, सोडू नकोस, तिचा हात धरून ठेव!"

"धरलाय," बेरित म्हणाली. बराच वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग तीही थांबली.

"झालं," बेरित हळूच म्हणाली. "शांत गेली. दामिनी? तू ऐकतेयस?"

वैभव आतून धावत आला होता. "काय झालं ताई? कोन गेलं?"

मी त्याच्याकडे बघितलं. मला हंबरडा फोडायचा होता. पण त्याची आई त्याच्या समोर बसली होती, धडधाकट, गाल भरलेले, अजून वीस वर्षं सहज जगेल अशी. मी कुणाच्या नावानं रडणार होते?

तेव्हा माझ्या लक्षात आलं की घमेल्यावरचे हात थांबले आहेत.

ती माझ्याकडे बघत होती. कित्येक महिन्यांनी त्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं. तिनं सुतळी बाजूला सारली, धडपडत उठली, आणि दोन्ही हातांनी माझं मनगट घट्ट धरलं. हनुवटीवरचं गोंदण थरथरत होतं. माझ्या आईच्या तोंडातून, बेटावरच्या म्हाताऱ्या बोलतात त्या नॉर्वेजियनमध्ये, ती म्हणाली:

"तू बोलतेस. देवा, तू माझं बोलतेस. इथं कुणालाच कळत नाही. मुली, मला घरी कधी नेणार?"

"माय बोलली!" वैभव ओरडला. तो हसत होता आणि रडत होता, दोन्ही एकदम. "ताई, माय बोलली! काय म्हनली? सांग न, काय म्हनली?"

"भूक लागली म्हणते," मी म्हणाले.

तो धावत स्वयंपाकघरात गेला. आत भांडी वाजायला लागली. ती माझं मनगट धरून उत्तराची वाट बघत उभी होती.

"उद्या," मी तिच्या भाषेत म्हणाले. "उद्या जाऊ."

तिनं मान हलवली आणि समाधानानं खाली बसली, माझा हात न सोडता.